कुल्फोच्या काठावरचा तास

कराडला मी बरीच वर्षं हायड्रॉलॉजी, म्हणजे पाण्याचं शास्त्र, शिकवत होते, पण देशाबाहेर पाऊल पडलं नव्हतं. 2011 च्या ऑक्टोबरात इथिओपियातल्या अर्बा मिंच विद्यापीठात याच विषयासाठी नेमणूक झाली आणि मुंबईहून आदिस अबाबाच्या विमानात मी एकटी बसले. घरी सगळ्यांना काळजी खाण्याची. ती पहिल्याच बुधवारी मिटली. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, म्हणजे मांस, दूध, लोणी काही खात नाहीत. त्या दिवशी कुठल्याही खानावळीत इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं मोठं धिरडं, आणि शिरो मिळतो. शिरो म्हणजे थेट आपलं पिठलंच.

अर्बा मिंच आदिसच्या दक्षिणेला, रिफ्ट व्हॅलीत, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीत आहे. खाली अबाया आणि चामो ही दोन मोठी तळी, पाठीशी गामोचे डोंगर. पाण्याचं इंजिनिअरिंग शिकवणारी संस्था इथे 1986 मध्ये निघाली, पुढे 2004 मध्ये तिचं विद्यापीठ झालं. विद्यार्थी देशाच्या सगळ्या कोपऱ्यांतून येतात, कारण कुणी कुठे शिकायचं ते सरकार ठरवतं. एकाच बाकावर अम्हारिक, ओरोमो, तिग्रिन्या आणि सिदामा बोलणारी मुलं बसलेली असत. इंग्रजी कुणाचंच घरचं नाही, पण शिक्षण नववीपासून इंग्रजीत.

भारतीय शिक्षकाचं तिथे कुणाला नवल वाटत नाही. सम्राट हायले सेलासी यांच्या काळात, 1950 च्या दशकापासून, भारतातून, त्यातही केरळमधून, शेकडो शिक्षक इथल्या गावोगावच्या शाळांत गेले होते. पहिल्या तासानंतर एक मुलगा पुढे आला, डावा हात उजव्या कोपराला लावून, किंचित वाकून त्याने हात मिळवला आणि म्हणाला, "टीचर, माझ्या वडिलांना गणित शिकवायला इंडियन टीचर होते." ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, त्या शिक्षकांच्या कामावर उभी राहून मी बोलत होते. त्या जाणिवेनं मला धीरही आला आणि दडपणही.

वर्गात मात्र शांतता. मी फळ्यावर लिहीन तेवढं सगळं वहीत उतरायचं, प्रश्न एकही नाही. माझं इंग्रजी त्यांच्या कानाला वेगळं, त्यांचं माझ्या. दोन-तीन तास असे गेल्यावर मी विभागप्रमुखांना म्हटलं, मुलांना नदीवर नेते. त्यांनी लगेच होकार दिला. पाण्याचा वेग मोजणारा करंट मीटर त्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीकडे होता, म्हणून तरंगकाची, म्हणजे तरंगती वस्तू सोडून वेग मोजायची पद्धत घ्यायची ठरली. वेळापत्रकात तासाची वेळ होती दोन. तिथे दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात, म्हणजे ते आपले सकाळचे आठ. पंचांगात घटका सूर्योदयापासून मोजलेल्या पाहत वाढलेल्या माणसाला यात परकं काही वाटत नाही.

कुल्फो नदी गावाजवळून वाहत चामो तळ्याला मिळते. तळ्यात मगरी आहेत, पण आम्ही वरच्या अंगाला होतो. दक्षिणेकडे ऑक्टोबरातही पाऊस असतो, त्यामुळे पाणी गढूळ आणि जोरात. सरळ वाहणारा वीस मीटरचा पट्टा निवडला, दोन्ही टोकांना दोरी बांधली. तरंगक म्हणून बाजारातून संत्री आणली होती. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला ढकलत नाही. एक गट वरून संत्री सोडणार, दुसरा मोबाइलवर सेकंद मोजणार, तिसरा मांडीभर पाण्यात उतरून ठरावीक अंतरावर खोली घेणार.

पहिलं संत्रं दोरीखालून गेलं आणि वर्ग बोलायला लागला. चार भाषांत ओरडाआरडा. कुणाचं संत्रं दगडाला अडकलं, कुणाचं काठाच्या भोवऱ्यात फिरत राहिलं. मधल्या धारेतलं लवकर पोचतं आणि काठाजवळचं रेंगाळतं, हे मी सांगायच्या आधी त्यांनीच एकमेकांना सांगितलं. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला साधारण 0.9 मीटर निघाला. तळाशी पाणी घासतं म्हणून सरासरी वेगासाठी त्याला 0.85 नं गुणायचं, मग नदीच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळानं. उत्तर आलं सेकंदाला साडेपाच घनमीटरच्या आसपास, म्हणजे 190-195 क्युसेक (सेकंदाला घनफूट). सांगली-कराडकडच्या माणसाला हा आकडा काहीच नाही. पण तो त्यांनी स्वतः पाण्यात उभं राहून काढला होता.

चेन्चाकडची, वरच्या डोंगरातली एक मुलगी सगळा वेळ पाण्याच्या रंगाकडे बघत होती. तिने बाटली भरून घेतली आणि म्हणाली, "टीचर, ही आमच्या शेतातली माती आहे." दुसऱ्या दिवशी ती बाटली वर्गात आणली, तळाशी गाळाचा स्पष्ट थर. धरणं गाळानं कशी भरतात, हा धडा मी आठ दिवसांनी घेणार होते. तो तिथेच, त्या बाटलीवर घेतला.

पण त्या सकाळचा खरा प्रश्न वेगळाच होता. सामान आवरताना एकाने विचारलं, "नाईलचं बहुतेक पाणी आमच्या डोंगरांतून जातं. मग आम्ही धरण बांधलं तर लोक का रागावतात?" त्याच वर्षी एप्रिलमध्ये अबायवर, म्हणजे निळ्या नाईलवर, सुदानच्या सीमेजवळ मोठ्या धरणाची पायाभरणी झाली होती. सरकारी नोकरदार एक-एक महिन्याचा पगार त्यासाठी देत होते, साधी माणसं रोखे घेत होती. 145 मीटर उंचीचं ते धरण आता पूर्ण झालंय, 2025 च्या सप्टेंबरात त्याचं उद्घाटन झालं. साठा 74 अब्ज घनमीटर, म्हणजे 2,600 टीएमसीहून (अब्ज घनफुटांहून) जास्त. आपल्या कोयनेचा 105.

सगळे माझ्याकडे बघत होते. परक्या देशातल्या शिक्षकाने इथे सावध राहायला हवं, हे मला कळत होतं. पण मुलांना पोकळ उत्तर देणंही मला मान्य नव्हतं. मी त्यांना कृष्णेची गोष्ट सांगितली. मीही वरच्या अंगाची. आमच्या डोंगरात पडणारं पाणी कर्नाटकातून आंध्रात जातं. भांडण वर्षानुवर्षं चाललं, शेवटी बच्छावत लवादाने महाराष्ट्राला 560, कर्नाटकाला 700 आणि आंध्राला 800 टीएमसी दिलं. हे आकडे भाषणांतून आले नव्हते. त्यामागे विजयवाड्याजवळ आणि ठिकठिकाणी कितीतरी वर्षं रोज घेतलेल्या प्रवाहाच्या नोंदी होत्या.

मग त्यांना नाईलच्या पाण्याचा 1959 चा करार सांगितला. इजिप्तला 55.5 आणि सुदानला 18.5 अब्ज घनमीटर. इथिओपिया त्या टेबलावर नव्हताच. हे त्यांना माझ्याहून चांगलं ठाऊक होतं, शाळेपासून. चेन्चाची मुलगी म्हणाली, "म्हणजे आमच्या नदीची मोजणी आमच्याकडे पाहिजे." मी हो म्हटलं. खालच्या माणसांनाही तहान असते, हेही म्हटलं, आणि ते कुणी अमान्य केलं नाही.

एकाने कोयनेच्या भूकंपाचं विचारलं, त्याने कुठेतरी वाचलं होतं. माझी आई पाटण तालुक्यातली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे तिच्या माहेरची भिंत कोसळली होती. मी ते सांगितलं तेव्हा रिफ्ट व्हॅलीत वाढलेली ती मुलं एकदम गंभीर झाली. जमीन हलणं म्हणजे काय, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात करंट मीटर आमच्याकडे आला. त्याच पट्ट्यात पुन्हा मोजल्यावर गुणक 0.85 न येता 0.78 च्या जवळ आला. तळ दगडगोट्यांचा आणि पाणी उथळ, म्हणून. पुस्तकातला आकडा ठेवायचा की आपला, यावर वर्गात जोरदार वाद झाला. शेवटी त्यांनी अहवालात दोन्ही लिहिले, आणि स्वतःचा का वेगळा आला त्याची कारणं दिली. नंतर पुलाच्या खांबावर रंगाने पट्टी आखून सकाळ-संध्याकाळ पातळी घेण्याच्या पाळ्या लावल्या. एप्रिल-मेचा मोठा पाऊस आला तेव्हा पट्टीची वरची रेघ पाण्याखाली गेली, आणि पाणी ओसरल्यावर ती मुलं शिडी घेऊन पट्टी आणखी वर वाढवायला गेली.