इन्क्वायरीची वही: एकच फिल्म, दोन निकाल

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो, इन्क्वायरी (पंचांनी स्वतः लावलेली चौकशी) किंवा ऑब्जेक्शन (जॉकी वगैरेंची तक्रार) लागलेल्या घोड्यांच्या जुन्या रेसेस शोधायच्या, आवाज बंद करून हेड-ऑन अँगल म्हणजे समोरून घेतलेली फिल्म बघायची, आपला निकाल वहीत लिहायचा आणि मगच स्टुअर्ड्सनी, म्हणजे रेसच्या पंचांनी, काय दिलं ते बघायचं. या महिन्यात वहीत एक कॉलम वाढवला आणि बघायची पद्धतच बदलली राव. एका घोड्याने दुसऱ्याची वाट अडवून त्रास दिला तर निकाल कसा द्यायचा याचे दोन नियम आहेत, आता प्रत्येक रेसला दोन्हींचे निकाल लिहितो, एक कॅटेगरी वनचा, एक कॅटेगरी टूचा.

वन म्हणजे ब्रिटनमध्ये चालतो तो. त्रास झालेला घोडा, त्रास झाला नसता तर, त्रास देणाऱ्याच्या पुढे आला असता का? हो असेल तरच वरचा खाली जातो. टू म्हणजे अमेरिकेतला, तिथे एवढंच बघतात की त्या घोड्याचा बरा नंबर हुकला का, मग तो पाचवा असो नाहीतर दहावा, हुकला असेल तर देणारा थेट त्याच्या मागे.

सगळ्यात जास्त वेळ गेला अमेरिकेतल्या २०१९ च्या केंटकी डर्बीवर. चिखलाचा ट्रॅक, १९ घोडे, मॅक्सिमम सिक्युरिटी नावाचा घोडा पुढे पळतोय आणि शेवटच्या वळणावर तो बाहेर सरकतो. मागे वॉर ऑफ विल अगदी चिकटून येतोय, त्याचे पुढचे पाय मॅक्सिममच्या मागच्या पायांत जवळजवळ अडकतात, तो बाहेर ढकलला जातो आणि त्या धक्क्यात लाँग रेंज टॉडी आणि बोडएक्सप्रेसही सापडतात. त्या जागी फिल्म थांबवून बघा, अंगावर काटा येतो, एक जरी पडला असता तर मागे अख्खा जथा होता. मॅक्सिमम पावणेदोन लेंथने (लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) पहिला आला. स्टुअर्ड्सनी स्वतः इन्क्वायरी लावली नव्हती, दोन जॉकींनी ऑब्जेक्शन घेतलं, वीसेक मिनिटं फिल्म बघून तिघांनी एकमताने त्याला १७वा केलं. १७वाच का, तर लाँग रेंज टॉडी १७वा आला होता आणि त्याच्या मागे टाकायचं म्हणून. जिंकला कंट्री हाऊस, भाव ६५ ला १, २ डॉलरच्या विन (पहिल्या नंबरावरच्या) तिकिटाला १३२.४० डॉलर! आणि त्याला तर वळणावर कोणाचा धक्काही लागला नव्हता.

माझ्या वहीत मॅक्सिमम टूखाली डिसक्वालिफाय, वनखाली पहिला नंबर कायम. वॉर ऑफ विल मोकळा पळाला असता तरी त्या दिवशी मॅक्सिममला गाठत नव्हता असं माझं ठाम मत आहे, वनखाली जॉकीला सस्पेन्शन आणि घोड्याला कप. मला स्वतःला वनच जास्त पटतो, पण सस्पेन्शन कडक हवं, नाहीतर मोठ्या रेसमध्ये जॉकी मुद्दाम जागा खाणार.

याच्या जोडीला २०१० चा जपान कप बघाच. ब्युएना व्हिस्टा फेवरेट, पहिली आली, शेवटच्या सरळ पट्ट्यात आडवी गेली म्हणून दुसरी केली आणि रोझ किंगडम विनर. तिचीही लीड पावणेदोन लेंथचीच होती. जपानने २०१३ पासून नियम बदलून वनकडे उडी मारली. माझ्या वहीत वनखाली घोडीच जिंकते.

आता पैशाचा कॉलम, हा अजून कच्चा आहे. ऑब्जेक्शनचा निर्णय होईपर्यंत तिकीट फाडू नका हे आपल्याला पाठ असतं, पण 'ऑफिशियल' लागलं, म्हणजे निकाल अधिकृत जाहीर झाला, की बेटिंगचा हिशोब तिथेच बंद. २०२१ च्या डर्बीत मेडिना स्पिरिट जिंकला, टेस्टमध्ये बीटामेथासोन निघालं, फेब्रुवारी २०२२ मध्ये डिसक्वालिफाय होऊन मँडलून विनर ठरला, तोवर मेडिना स्पिरिट हयातही नव्हता. मँडलूनवर विन लावणाऱ्यांना टोटकडून (सगळ्यांचे पैसे एका पूलमध्ये जमा करून जिंकणाऱ्यांत वाटणारी बेटिंग व्यवस्था) काहीच नाही. १९६८ च्या डर्बीत पहिला येऊन नंतर डिसक्वालिफाय झालेल्या डान्सर्स इमेजचं तसंच, बक्षीस फॉरवर्ड पासला, तिकिटाचे पैसे मात्र डान्सर्स इमेजवाल्यांकडेच राहिले. लावणाऱ्याच्या बाजूने हे मला खटकतं, पण वाटून झालेला पूल परत गोळा करायचा कुठून, टोटला दुसरा मार्गच नाही.

पुढे ब्रिटनमधली २०१५ ची सेंट लेजर रेस घेतोय, पहिली आलेली सिंपल व्हर्स ही घोडी आधी दुसरी केली आणि अपिलात पुन्हा पहिली. तीही वनखालीच, तरी दोन पॅनेलना वेगळं दिसलं, म्हणून ती सावकाश फ्रेम-फ्रेमने बघणार आहे. कोणी आधी बघितली असेल तर आपला निकाल आत्ता लिहू नका, माझा लिहून होऊ दे.