सात गिअरची कॅसेट, नऊच्या हबवर

सायकलचं मागचं चाक बदललं की हा घोळ होतोच. जुनी कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) सात गिअरची, आणि बाजारात मिळालेल्या चाकाचा फ्रीहब (कॅसेट ज्यावर सरकवतात तो चाकाचा खाचांचा भाग) आठ-नऊ-दहाचा. कॅसेट आत बसते, लॉकरिंगही (कॅसेटला बाहेरून आवळणारी आट्यांची रिंग) घट्ट होतं, पण चकत्या हाताने हलवल्या की खुळखुळ वाजतात. लॉकरिंग चकत्यांना न दाबता फ्रीहबच्या तोंडालाच टेकलेलं असतं. पाना कितीही आवळा, खुळखुळ जाणार नाही.

आधी आपल्याकडे कॅसेटच आहे ना, हे बघा. स्वस्त गिअरच्या सायकलींना बहुधा आट्यांवर फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं, त्याला यातलं काहीच लागू नाही. चाक धरून चकत्या उलट्या फिरवा. मधली पाना लावायची खाच चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागेवर थांबली तर फ्रीव्हील.

शिमानोच्या पद्धतीत आठ, नऊ, दहा या तिन्हींना एकच फ्रीहब चालतो. त्यावर सातची कॅसेट बसवायला 4.5 मिमीचा स्पेसर, म्हणजे जागा भरणारी रिंग, लागतो. रोड सायकलचा अकराचा फ्रीहब आणखी 1.85 मिमी लांब, म्हणून त्यावर आठ-नऊची कॅसेट घालताना 1.85 मिमीची रिंग. स्पेसर सगळ्यात आधी, मोठ्या चकतीच्या मागे जातो. बाहेरच्या बाजूला घालायचा नाही.

तयार स्पेसर मिळाला नाही तर संभाजीनगरच्या चिकलठाणा-वाळूजकडच्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घ्या. फ्रीहबच्या खाचांवरचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून द्या, भोक त्याहून किंचित मोठं हवं. दोन्ही तोंडं समांतर हवीत, नाहीतर कॅसेट डुलते. दोन-तीन वायसर एकावर एक रचून काम भागवणारे भेटतात, पण ते दबून ढिले होतात.

बसवण्याआधी खाचांतली काळी माती पुसून काढा, नाहीतर मोठी चकती पूर्ण आत जात नाही. खाचांत एक जागा वेगळ्या रुंदीची असते, ती जुळल्याशिवाय चकत्या सरकणार नाहीत. सगळ्या चकत्या घातल्यावर लॉकरिंगआधी एकदा डोळा लावून बघा: फ्रीहबचं तोंड शेवटच्या चकतीच्या पातळीच्या थोडं आतच हवं. बाहेर डोकावत असेल तर स्पेसर कमी पडलाय. फारच आत असेल तर जास्त झालाय. मग लॉकरिंगला एक-दोनच आटे मिळतात आणि ते झिजून जातात. आवळायचं 40 न्यूटन-मीटर, म्हणजे फूटभर लांब पान्याच्या टोकाला साधारण 13-14 किलोचा जोर. दातऱ्यांचा कटकट आवाज होतो, तो ठीक आहे.

आता दुसरी विसंगती, जिला लोक पहिलीच समजतात: चकत्यांमधलं अंतर. सातला ते 5 मिमी, आठला 4.8, नऊला सुमारे 4.35, दहाला 3.95. यावर स्पेसरचा उपाय नाही, कारण वायर किती ओढायची हे शिफ्टर, म्हणजे हँडलवरचा गिअर बदलायचा खटका, ठरवतो. आठच्या शिफ्टरवर सातची कॅसेट: दर गिअरला 0.2 चा फरक, सहा टप्प्यांत 1.2 मिमी. मधल्या गिअरवर नीट जुळवलं तर दोन्ही टोकांना 0.6 ची चूक, चालून जाते. आठच्या शिफ्टरवर नऊची कॅसेट मात्र सात टप्प्यांत 3 मिमीहून जास्त चुकते, तिथे कितीही जुळवा, चेन उड्या मारणारच.

उलटा पेच, म्हणजे फ्रीहब सातचा आणि शिफ्टर नऊचा असेल तर एक जुनी युक्ती आहे: नऊच्या कॅसेटच्या चकत्या जोडणाऱ्या रिव्हेट काढून मधली एक चकती तिच्या स्पेसरसकट बाजूला ठेवा. आठ चकत्या सातच्या जागेत मावतात. सगळ्यात लहान चकती काढू नका, लॉकरिंग तिच्यावरच बसतं. शिफ्टरची एक टिचकी मोकळी राहील, ती लिमिट स्क्रूने (चेनला टोकाच्या चकतीपलीकडे जाऊ न देणारा स्क्रू) अडवा. नाहीतर चेन थेट स्पोकमध्ये. चेन नऊचीच घाला.

शेवटी दोन्ही लिमिट स्क्रू नव्याने जुळवा, कारण कॅसेटची जागा सरकलेली असते. स्टँडवर सगळं गुळगुळीत वाटतं. दौलताबादहून खुलताबादच्या घाटात उभं राहून पेडल मारताना गिअर आपोआप सुटला, तर आधी लॉकरिंग तपासा, मग वायर.