तुम्ही विचारलंत म्हणून: निर्णय डॉक्टरच घेतात ना, पेशंटला त्यातलं काय कळतं?

बायकांच्या आजारपणात निर्णय कोण आणि कसे घेतं यावर मी रिसर्च करते, असं सांगितलं की एसटीत असो नाहीतर लग्नाच्या पंगतीत, हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलात, तर सविस्तर सांगते.

बाळंतपणात रक्त थांबत नाहीये, अपेंडिक्स फुटलंय, तिथे डॉक्टरांनी ठरवायचं, वादच नाही. पण मी ज्या बायकांशी बोलते त्यांचं दुखणं वेगळं असतं. चाळिशीतली बाई, अंगावर खूप जातंय, सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली कॅन्सर नसलेली गाठ, हिमोग्लोबिन आठवर, आणि सल्ला मिळतो की पिशवी काढून टाका, कटकट नको. कॅन्सर नाही, जिवाला लगेच धोका नाही. मग रस्ते बरेच असतात हो! रक्तस्राव कमी करायला ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आहेत, तांबीसारखंच आत बसवायचं हार्मोनचं साधन आहे, काही वेळा नुसती गाठ काढता येते, आणि पाळी जायला आली असेल तर वाटही बघता येते कारण त्यानंतर फायब्रॉइड बहुतेक वेळा आक्रसतात. ऑपरेशन तर आहेच, कित्येक जणींना त्याने खरंच सुटल्यासारखं वाटतं आणि मी त्याच्या अजिबात विरोधात नाही. पण यातलं तिला काय मानवेल, मूल हवंय का, किती त्रास काढायची तयारी आहे, हे सोनोग्राफीत दिसत नाही, ते तिलाच विचारावं लागतं.

आणि आपल्याकडे तिलाच विचारायचं राहतं. नवरा मुंबईला, तो फोनवर "करून टाक" म्हणतो, सासू म्हणते लावणी होऊ दे, मग गणपती होऊ देत, मग आंबा उतरू दे. काजू फॅक्टरीत काम करणाऱ्या एका ताईंना मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? "ते दिरांना माहीत, मला बाहेर बसवलेलं." पिशवीबरोबर अंडाशयही काढणार का, हेही त्यांना माहीत नव्हतं. ही बारीकशी गोष्ट नाही, दोन्ही अंडाशयं गेली की त्या वयात पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोकाही वाढतो.

सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची संमती तिचीच लागते, नवऱ्याच्या सहीने भागत नाही. समीरा कोहली यांच्या केसमध्ये दुर्बिणीतून तपासणी म्हणून भूल दिली आणि बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय, अंडाशयं काढली. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, ही संमती धरता येणार नाही, जिवावर बेतलेलं नव्हतं, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. हे मी गावागावात सांगते आणि दरवेळी कोणीतरी म्हणतंच, असं असतं होय?

माझं काम म्हणजे डॉक्टरांकडे जायच्या आधी तिच्या हातात एक साधा कागद देणं, सगळे पर्याय, फायदे-तोटे, चित्रं, आपल्या मराठीत, आणि आशाताईंनी तिच्याबरोबर बसून तो वाचणं. याला डिसिजन एड म्हणतात, जगभरात शंभराहून जास्त ट्रायल्स झाल्यात, कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळून पाहणाऱ्या संस्थेने त्या एकत्र तपासल्या, पेशंटला माहिती जास्त होते आणि आपल्याला काय हवंय हे जास्त स्पष्ट होतं असं दिसलं. डॉक्टरांच्या विरोधात यात काही नाही, उलट बरेच डॉक्टर म्हणतात बाई बोलायला लागली की आमचंही काम सोपं होतं.

तुमच्या घरात कोणाला पिशवी काढायला सांगितली असेल तर एवढं विचारायला सांगा: थांबले तर काय होईल, ऑपरेशनशिवाय काय करता येईल, अंडाशयं ठेवणार का? आत तिलाच जाऊ द्या, सोबत हवी तर तिने सांगितलेलं माणूस. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत रक्त दिसलं तर मात्र लावणीबिवणी काही बघू नका, लगेच दाखवा, तिथे कॅन्सर नाही ना हे आधी तपासावंच लागतं.