बाही अंगठ्याशी अडली

बाही बाहुलीच्या अंगठ्याशी अडली आणि पुढे सरकेचना.

पॅटर्न तर अगदी नेमका होता. साडेअकरा इंचांच्या बाहुलीला पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, वर चिकटपट्टी लावली, पेनाने मुंढा, गळा, कंबर आखली. मग ते कवच कापून कागदावर सपाट पसरलं. अंगाचं माप तंतोतंत.

लेक शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आई, तिला हात दुमडता येत नाही ना. मग तिने घालायचा कसा?"

तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मी अंग मापलं, पण कपडा अंगावर चढतो कसा, ते धरलंच नाही. आणि बाहुली माणसाच्या एक षष्ठांश असली, तरी कापड काही सहा पट पातळ होत नाही. तिच्या अंगावरची एक मिलिमीटरची शिवण म्हणजे आपल्या अंगावरची सहा मिलिमीटरची! सैलपणा ठेवायलाच हवा होता.

आता पाठ खालपर्यंत उघडी ठेवून टिचबटणं लावणार आहे. बाहीचं तोंडही रुंद करतेय, पंजा पसरलेला आहे तसाच आत जाईल एवढं.

इतकी वर्षं मोठ्यांचे कपडे बेतताना घालणाऱ्याच्या हाताचा विचार मी कधी केला होता का?