फ्लॉइड्स फोर्कच्या काठाकाठाने

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, लुइव्हिल शहराच्या पूर्व सीमेजवळून फ्लॉइड्स फोर्क ही छोटी नदी वाहते. तिच्या काठाने बेकली क्रीक, पोप लिक, टर्की रन आणि ब्रॉड रन अशी चार उद्यानं एकामागून एक वसवली आहेत. जवळपास ४,००० एकर जागा! पहिला टप्पा २०११ मध्ये खुला झाला, शेवटचं उद्यान २०१६ मध्ये. शहर वाढत वाढत येण्याआधीच एवढी जमीन राखून ठेवली, हे मला फार मोलाचं वाटतं. प्रवेश मोफत आहे आणि देखभाल मुख्यतः देणग्यांवर चालते, म्हणून जमेल ती देणगी जरूर द्या.

गाडीतून चारही उद्यानं बघत सुटू नका, नदी हातून निसटेल. सायकल आणाच. चारही उद्यानांना जोडणारा डांबरी-काँक्रीटचा सायकलमार्ग सुमारे १९ मैलांचा आहे. सगळा एका दमात करायचा तर दोन गाड्या घ्या आणि एक आधीच दुसऱ्या टोकाला लावून ठेवा, नाहीतर तेवढंच अंतर परत यावं लागतं.

एवढा वेळ नसेल, तर पोप लिक ते टर्की रनमधला ‘स्ट्रँड’ हा पट्टा निवडा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला रान आणि वाटेवर मोटारी नाहीत. मला सगळ्यात आवडला तो हाच. पाणी मात्र आधीच भरून घ्या. पुढे टर्की रनमध्ये शेतावरच्या जुन्या सायलोत, म्हणजे धान्य-चारा साठवायच्या उंच कोठारात, जिना बसवून मनोरा केलाय, तोही चढा.

लहान मुलं बरोबर असतील तर बेकली क्रीक पुरे. एग लॉनचं विस्तीर्ण हिरवळीचं मैदान आहे, खेळायची जागा आहे, उन्हाळ्यात पाण्याचे फवारेही असतात. झाडाफुलांसाठी वसंतात ब्रॉड रनची वनबाग गाठा.

जोराचा पाऊस झाला की नदी फुगते आणि सखल वाटा पाण्याखाली जातात. निघण्यापूर्वी या उद्यानांच्या संकेतस्थळावर बंद वाटांची सूचना बघा. उन्हाळ्यात गवतात गोचिड्या असतात, तेव्हा लांब पँट घाला आणि परतल्यावर अंग तपासा. तीन-तीन पानांच्या पॉयझन आयव्हीला हात लावू नका, अंगावर खाजरे फोड येतात.

पोप लिकजवळ रेल्वेचा उंच पूल आहे. अर्धा माणूस, अर्धा बोकड अशा राक्षसाच्या दंतकथेपायी लोक त्यावर चढतात. पुलावरून आजही मालगाड्या धावतात आणि तिथे माणसं मेली आहेत. तो खालूनच बघा, मुलांनाही आधीच बजावून ठेवा.