बारावी प्रत

रात्रीचे साडेबारा. पंखा बंद, खिडक्या बंद, पाठ घामाने चिंब. बोलताना मी जिथे अडखळले, ती जागा बाराव्या प्रतीतही ऐकू येतेच आहे.

अमेरिकन संगीतकार अल्विन लूसिएही बोलताना अडखळायचा. १९६९ मध्ये त्याने ‘आय अ‍ॅम सिटिंग इन अ रूम’ केलं. खोलीत बसून एक छोटा मजकूर बोलायचा, तो त्याच खोलीत स्पीकरवर लावून दुसऱ्या यंत्रावर टिपायचा, मग त्या प्रतीची प्रत. १९८० मध्ये मिडलटाउनच्या घरी केलेल्या मुद्रणात अशा बत्तीस पिढ्या आहेत, जवळजवळ पाऊण तास. शेवटी शब्द जातात आणि लांबलेले सूर उरतात. मजकुराच्या शेवटी तो म्हणतो, हे भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठी तितकंसं नाही, बोलण्यातला खडबडीतपणा घासून काढण्यासाठी जास्त आहे.

मला तेवढंच हवं होतं. म्हणून माझ्या खोलीत माझ्या आवाजावर तेच करून पाहते आहे.

ताई म्हणेल, कोणाला कळतंय! मला कळतं. असो.

खोली बारा बाय दहा. तिच्या मापाला जुळणारे सूर तिच्यात जास्त घुमतात. बारा फुटांच्या लांबीची पहिली कंपनसंख्या ४७ हर्ट्झच्या आसपास, पण हा छोटा स्पीकर तिथवर उतरत नाही. तिसरी, १४०, ती मात्र खोली धरून बसते. जो सूर एका फेरीत ३ डेसिबलने वर येतो तो दहा फेऱ्यांत ३० ने वर येतो, बाकीचे त्याच्याखाली बुडतात. पहिल्या खेपेला माईक मधोमध होता आणि १४० गायब. खोलीच्या मध्यावर पहिल्या, तिसऱ्या अशा विषम कंपनांचा दाब शून्य असतो. कोपऱ्याकडे सरकवल्यावर भरभरून आला. फोनमधलं गोंगाट कमी करणारं सेटिंग बंदच हवं, नाहीतर लांबलेल्या सुरांनाच ते गोंगाट समजून खातं. दर प्रतीतला सगळ्यात मोठा आवाज यंत्राच्या कमाल पातळीच्या ६ डेसिबल खाली आणायचा, नाहीतर पाचव्या फेरीलाच आवाज फाटतो. गादी बाहेर काढली, ती वरचे सूर गिळते.

आधी स, श गेले. आठव्या प्रतीत एकही शब्द कळेना. पण ‘क’वर मी तीनदा आपटले होते, ते तीन ठोके जिथल्या तिथे. खोली सूर निवडते, क्रम बदलत नाही. तासभर नुसती बसून राहिले. निदान भिंतींनी तरी...

मग लूसिएचं पुन्हा लावलं. ‘रिदम’ याच शब्दावर तो अडखळतो. आणि त्याच वाक्यात सांगतो की बोलण्यातलं सगळं नष्ट होईल, कदाचित लय सोडून. इतक्यांदा ऐकूनही हे कानावर कसं पडलं नाही?

बारावी पुन्हा ऐकली, हेडफोन लावून. १४०चा सूर सलग वाहतो, आणि त्यात ते तीन ठोके, प्रत्येकाच्या मागे थोडीशी शेपटी. बाकी सगळी नुसती घूं. कान जाऊन टेकतो तो तिथेच. आता ते पुसायचे नाहीत.

दाराचा पडदा काढून तेरावी घेते. स्पीकरचं बटण आहे तिथेच ठेवायचं.