आईचं बीपी आणि खर्ड्याची वाटी

आईचं बीपी १६०/१०० निघालं, तरी गोळीला नकारच. ‘डोकं दुखत न्हाई, चक्कर न्हाई, मला काय झालंय?’ याचीच मला धास्ती. काही जाणवत नाही आणि आत हृदय, मेंदू, मूत्रपिंडं ताण सोसत राहतात.

आता ती गोळी घेते. रोज सकाळी चहाआधी पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसते. हात टेबलावर, पट्टा दंडाला, छातीच्या उंचीवर. दोनदा मोजतो, वहीत लिहितो.

तांबडा रस्सा बंद केला नाही, त्यातलं मीठ कमी केलं. दिवसभराचं सगळं धरून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा. खारट खर्डा, पापड, लोणचं मात्र ताटातून गेलं. खर्ड्याची वाटी उचलली तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही.

संध्याकाळी रंकाळ्यावर चालतो. काल १३२/८४ लिहिलं. गोळी चालूच आहे.